एडलिनमध्ये फाइल दिसत नाही, ती मागावी लागते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. काकांच्या दुकानातला जुना पीसी तुमच्याकडे आला आहे. त्यावर एमएस-डॉस ३.३ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, हार्ड डिस्क चालू आहे आणि दुकानाचा हिशेबाचा डीबेस प्रोग्रॅमही जागेवर आहे. तो नीट चालावा म्हणून कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या, मशीन सुरू होताना डॉस वाचतो त्या दोन फाइलींत बदल करायचे आहेत. 'एडिट' टाइप केलं तर तशी कमांडच नाही असं उत्तर येतं. 'एडलिन' (डॉससोबतचा, एकेक ओळ बदलणारा एडिटर) आणि पुढे फाइलचं नाव टाइप केलं तर 'एंड ऑफ इनपुट फाइल' एवढा संदेश आणि त्याखाली एकटा स्टार. ॲरोची बटणं दाबून काही हलत नाही, फाइल कुठेच दिसत नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: यात बिघाड आहे का, दुसरा एडिटर टाकावा का, आणि असल्या साधनात लोक अख्खे प्रोग्रॅम कसे लिहायचे?

बिघाड काही नाही. 'एडिट' हा पूर्ण पडद्याचा एडिटर एमएस-डॉस ५ बरोबर १९९१ मध्ये आला. तुमचं ३.३ हे १९८७ चं, त्यामुळे त्यात तो असणारच नाही. 'एंड ऑफ इनपुट फाइल' हाही चुकीचा संदेश नाही. फाइल शेवटपर्यंत मेमरीत आली, आता काय करू ते सांगा, एवढंच तो म्हणतो आहे. तो स्टार म्हणजे एडलिनचा प्रॉम्प्ट, कमांडची वाट बघत असल्याची खूण.

पण तुमचं अडलंय ते कमांड माहीत नाहीत म्हणून नाही. कमांड दहा मिनिटांत पाठ होतात. खरी अडचण अशी की आज आपण ज्या एडिटरवर वाढलो त्यांत फाइल समोर पसरलेली असते आणि आपण तिच्यात फिरतो. एडलिनसारख्या ओळींच्या एडिटरमध्ये पडद्यावर फाइल नसतेच. पडद्यावर असतो तो तुमचा आणि प्रोग्रॅमचा झालेला संवाद. पूर्वी वाचनालयात कपाटांपर्यंत कुणाला सोडत नसत, खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक यायचं. तसंच हे काम चालतं. तुम्ही 'पाचवी ओळ दाखव' म्हणालात तर ती छापली जाते. मग तुम्ही ती पुसली, तरी वर छापलेली ओळ पडद्यावर तशीच राहते, कारण ती फक्त मघाच्या उत्तराची नोंद आहे. हे एकदा मनात बसलं की एडलिन सरळ वाटायला लागतो.

आता कामाला लागू. खाली कमांडची अक्षरं आणि फाइलींतला मजकूर मी देवनागरीत लिहिलाय. 'एल' म्हटलं की कीबोर्डवरचं एल दाबायचं, लहान की मोठं याने कमांडला फरक पडत नाही.

एडलिन उघडण्याआधी एक फ्लॉपी तयार करा. डॉस ३.३ मध्ये सुरू होताना एफ५ दाबून कॉन्फिग.सिस टाळायची सोय नाही, ती डॉस ६ मध्ये आली. म्हणजे चुकीच्या ड्रायव्हरमुळे (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे) मशीन बूट होता होता अडकलं, तर आत शिरायला फ्लॉपीखेरीज रस्ता नाही. रिकामी फ्लॉपी फॉरमॅट करताना शेवटी स्लॅश-एस लावा, म्हणजे ती बूट होणारी बनते. मग तिच्यावर एडलिन.कॉम आणि तुमच्या त्या दोन फाइलींच्या प्रती टाका. एडलिन ३.३ मध्ये साडेसात केबीच्या आसपास भरतो, फ्लॉपीवर जागेचा प्रश्नच नाही. ही फ्लॉपी घालून मशीन एकदा खरोखर सुरू करून बघा आणि नंतरच पुढे चला. मी मशीन दुरुस्तीला जायचो तेव्हा अशी फ्लॉपी पिशवीत कायम असायची आणि आजही कुणाच्या जुन्या मशीनला हात लावण्याआधी मी हेच करतो.

समजा तुमची कॉन्फिग.सिस तीन ओळींची आहे. एडलिन कॉन्फिग.सिस असं म्हणून आत गेलात, स्टारसमोर एल दाबून एंटर केलं, की असं दिसेल:

१:*फाइल्स=८
२: बफर्स=१०
३: डिव्हाइस=सी:\डॉस\ॲन्सी.सिस

पहिल्या ओळीच्या आकड्यापुढचा स्टार म्हणजे 'चालू ओळ'. आकडे आणि हा स्टार फाइलमध्ये नसतात, एडलिन ते फक्त दाखवताना लावतो. नुसतं एल म्हटलं तर तो चालू ओळीच्या आधीच्या ११, ती ओळ आणि नंतरच्या ११ अशा मिळून २३ ओळी दाखवतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवी असेल तर १, स्वल्पविराम, हॅश आणि एल. हॅश म्हणजे शेवटच्या ओळीच्या पुढची जागा, डॉट म्हणजे चालू ओळ. मोठी फाइल पानापानाने वाचायला पी आहे. तो एलसारखाच, पण चालू ओळही पुढे नेतो.

डीबेस थ्री प्लसला एका वेळी बऱ्याच फाइली उघड्या लागतात, म्हणून फाइल्सचा आकडा २० करायचा. स्टारसमोर १ टाइप करून एंटर करा. एडलिन जुनी ओळ छापेल आणि तिच्याखाली '१:' लिहून रिकामी जागा देईल. इथे बहुतेक लोक गोंधळतात, ओळ पुसली गेली असं वाटतं. ती गेलेली नाही, डॉसने साचा म्हणून धरून ठेवली आहे आणि त्यातून हवी तेवढी अक्षरं तुम्ही खाली उतरवून घ्यायची आहेत. एफ१ किंवा उजवा ॲरो एक अक्षर उतरवतो. एफ३ उरलेली सगळी ओळ उतरवतो. एफ२ दाबून कुठलंही एक अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या अलीकडपर्यंतचं सगळं येतं. तेव्हा एफ२ दाबा, मग ८ दाबा. 'फाइल्स=' एवढं येऊन कर्सर थांबेल. २० टाइप करा, एंटर. काम झालं.

या साच्यात एक धोका आहे. ओळीच्या अगदी सुरुवातीला, काहीच न उतरवता एंटर केलं, तर जुनी ओळ जशीच्या तशी राहते. पण थोडं उतरवून मध्येच एंटर केलं, तर पुढचा भाग कापला जातो. म्हणून ओळीच्या मधोमध बदल करायचा असेल तर शेवटी एफ३ दाबून उरलेलं आणायला विसरू नका. उदाहरणार्थ तिसऱ्या ओळीत डॉसऐवजी दुसरी डिरेक्टरी (फोल्डर) लिहायची आहे. एफ२ आणि डी दाबलं की 'सी:\' पर्यंत यायला हवं, पण डिव्हाइस या शब्दाचंच पहिलं अक्षर डी आहे, मग कसं? एफ२ साच्यातलं अगदी पुढचं अक्षर सोडून त्यानंतरचं शोधतो, त्यामुळे तो थेट डॉसच्या डीपाशी थांबतो. मग डेल बटणाने साच्यातली डॉसची तीन अक्षरं गाळा, इन्सर्ट दाबा, नवं नाव टाइप करा आणि एफ३ ने '\ॲन्सी.सिस' आणा. गाळायची अक्षरं बरीच असतील तर एफ४ आणि एक अक्षर, म्हणजे त्या अक्षरापर्यंतचं सगळं गळतं. मध्येच मन बदललं तर एस्केप दाबा, ओळीला धक्का लागत नाही. ही बटणं डॉसच्या साध्या प्रॉम्प्टवरही चालतात. तिथे सराव करा, म्हणजे खऱ्या फाइलवर हात अडखळणार नाही.

नवी ओळ घालायला आय. २ आय म्हटलं की दुसऱ्या ओळीच्या आधी ओळी शिरू लागतात, हॅश आय म्हटलं तर शेवटी. प्रत्येक एंटरला पुढचा क्रमांक येत राहतो. थांबायचं असेल तेव्हा शेवटची ओळ पुरी करून एंटर करा आणि मग नव्या, रिकाम्या ओळीवर कंट्रोल-सी दाबा. ओळीच्या मध्येच कंट्रोल-सी दाबलं तर ती अर्धी ओळ जाते. पुसायला डी: ३ डी म्हणजे तिसरी ओळ, ३, स्वल्पविराम, ५, डी म्हणजे तिसरी ते पाचवी. नुसतं डी म्हटलं तर चालू ओळ जाते, विचारलं जात नाही आणि परत आणता येत नाही.

ओळींचे आकडे दर बदलाला सरकतात, आणि नव्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तुम्ही कागदावर टिपून ठेवलंत की ४, ९ आणि १४ या ओळी काढायच्या. ४ डी केलंत, ९ डी केलंत. पण चौथी गेल्यावर मूळची नववी आठवी झाली होती, म्हणजे तुम्ही मूळची दहावी उडवली. यावर उपाय एकच, तो मी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतो: खालून वर या. आधी १४, मग ९, मग ४. खालच्या बदलाने वरचे आकडे हलत नाहीत. घालायच्या ओळींनाही हेच लागू. आणि खात्री नसेल तेव्हा बदलण्याआधी एल म्हणून पुन्हा बघा. पडद्यावर दिसणारी जुनी यादी खरी मानू नका.

शोधायला एस आणि बदलायला आर. दोन्हींत मजकुराचं लहान-मोठं अक्षर तंतोतंत जुळावं लागतं. आरमध्ये जुना मजकूर, मग एफ६, मग नवा मजकूर असा क्रम आहे. एफ६ दाबल्यावर कंट्रोल-झेडची खूण दिसते, तीच दोन्हींना वेगळं करते. सुरुवातीचा क्रमांक दिला नाही, तर शोध चालू ओळीच्या पुढच्या ओळीपासून सुरू होतो, त्यामुळे 'अर्ध्याच ठिकाणी बदललं' अशी तक्रार येते. म्हणून १ आणि हॅश नेहमी लिहा. आणि आरच्या आधी प्रश्नचिन्ह घाला, म्हणजे प्रत्येक बदलाला तो तुम्हाला विचारेल. ऑटोएक्झेकसारख्या फाइलवर मी प्रश्नचिन्हाशिवाय आर कधीच वापरत नाही.

बाहेर पडायला दोन दारं. ई म्हणजे सेव्ह करून बाहेर, क्यू म्हणजे केलेलं सगळं सोडून बाहेर. क्यूला तो एकदा विचारतो, वायने हो म्हणायचं. एडलिनमध्ये 'अनडू' नाही, क्यू हाच एक अनडू, तोही त्या बैठकीत केलेल्या सगळ्या बदलांचा. म्हणून एका बैठकीत थोडेच बदल करा आणि ई करून पुन्हा आत या. ई केल्यावर जुनी फाइल डॉट बॅक नावाने मागे उरते. पण ती एकाच पिढीची असते, दुसऱ्यांदा सेव्ह केलं की आधीची बॅक जाते. शिवाय मेन्यू.बॅट आणि मेन्यू.टेक्स्ट अशा दोन फाइली असतील तर दोघींची बॅक एकच, मेन्यू.बॅक. एडलिन बॅक फाइल थेट उघडतही नाही, आधी नाव बदला म्हणतो. तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, वर सांगितलेली फ्लॉपीवरची प्रत हवीच.

आत शिरताना 'न्यू फाइल' असा संदेश आला आणि फाइल तर आधीपासून आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तर तिथेच थांबा. नावात चूक झाली आहे किंवा तुम्ही भलत्याच डिरेक्टरीत आहात. क्यू करून बाहेर या.

कॉपी कॉन वापरा असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कॉपी कॉन, फाइलचं नाव, मग ओळी टाइप करायच्या आणि शेवटी एफ६ आणि एंटर. दोन-तीन ओळींची नवी बॅच फाइल (डॉसच्या कमांडची यादी असलेली फाइल) करायला हे झकास आहे. पण एंटर केलेल्या ओळीवर परत जाता येत नाही, आणि त्या नावाची फाइल आधी असेल तर डॉस ३.३ न विचारता तिच्यावर लिहून मोकळा होतो. असलेल्या ऑटोएक्झेकसाठी हा मार्ग नाही.

आता हे असं का केलं असेल, हे थोडं सांगतो, कारण त्यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. ओळींचे एडिटर जन्मले तेव्हा समोर पडदा नसायचा, टेलिटाइप असायचा, म्हणजे कागदावर छापणारं टाइपरायटरसारखं यंत्र. केन थॉम्पसनने १९६९ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा 'एड' हा एडिटर लिहिला तो अशाच यंत्रांसाठी. तेव्हाचा सगळीकडे दिसणारा टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचा. ८० अक्षरांची भरलेली ओळ म्हणजे ८ सेकंद. आज आपण २४ ओळींचा पडदा म्हणतो तेवढा मजकूर छापायला तीन मिनिटांवर वेळ गेला असता. दर बदलानंतर सगळी फाइल दाखवणं परवडणारच नव्हतं. म्हणून एडिटर गप्प राहायचा आणि विचाराल तेवढंच छापायचा. एड तर चूक झाली तरी एक प्रश्नचिन्ह छापून थांबतो.

एडलिन आला १९८० मध्ये. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये टिम पॅटरसनने ८६-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, त्याच्यासोबतचा हा एडिटर, आणि १९८१ मध्ये तो आयबीएम पीसीच्या डॉसबरोबर घरोघरी गेला. तोवर पडदे होते, मग ओळींचाच एडिटर कशाला? माझ्या मते याचं उत्तर ८६-डॉस कुठे चालायचं त्यात आहे. ते एस-१०० पद्धतीच्या, म्हणजे पीसीच्या आधीच्या मशीनवर चालायचं आणि अशा मशीनला कुठल्या कंपनीचा टर्मिनल (पडदा आणि कीबोर्ड) जोडलेला असेल याचा नेम नसायचा. कर्सर अमुक जागी ने, हे सांगायचे संकेत प्रत्येक टर्मिनलचे वेगळे. ओळ छापून खाली सरकणं मात्र सगळ्यांना यायचं. पूर्ण पडद्याच्या एडिटरला आधी हा टर्मिनलचा घोळ निस्तरावा लागायचा. वर्डस्टार या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमला त्यासाठी वेगळा इन्स्टॉल प्रोग्रॅम होता, आणि बर्कलीत बिल जॉयच्या 'व्हीआय' या पूर्ण पडद्याच्या एडिटरला टर्मिनलांच्या गुणधर्मांची एक यादीच सोबत ठेवावी लागली. घाईने उभ्या केलेल्या छोट्या डॉसला ओळींचा एडिटर सोयीचा होता. तात्पुरता म्हणून लिहिलेला हा प्रोग्रॅम पुढे वर्षानुवर्षं डॉसमध्ये राहिला.

सीपी/एम ही डॉसच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम वापरलेल्यांना हा एडलिनही सोपा वाटायचा. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एममधला 'ईडी' हा एडिटर फाइल उघडायचा, पण मेमरीत काहीच आणायचा नाही. हॅश आणि ए म्हणून फाइल आत ओढावी लागायची, नाहीतर दाखव म्हटलं तरी काही दिसायचं नाही. त्याची चालू जागा ओळीवर नसून दोन अक्षरांच्या मध्ये असायची.

तर प्रोग्रॅम कसे लिहायचे? खरं काम कागदावर व्हायचं. आधी प्रोग्रॅम हाताने लिहायचा, मग टाइप करायचा, मग ओळींच्या आकड्यांसकट छापून घ्यायचा आणि त्या छापील कागदावर लाल पेनाने दुरुस्त्या करायच्या. मशीनसमोरचा वेळ वाटून मिळायचा, तिथे विचार करत बसणं कुणालाच परवडायचं नाही. दुरुस्त केलेला कागद शेजारी ठेवायचा आणि शेवटच्या पानापासून पहिल्याकडे येत बदल घालायचे. खालून वर यायची सवय लागते ती याचसाठी. तुमच्याकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू असेल तर हे आजही करून बघा. डॉसच्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-पी दाबा, म्हणजे पडद्यावर येणारं सगळं प्रिंटरवरही उतरतं. मग एडलिनमध्ये १, हॅश, एल. आकड्यांसकट सगळी फाइल कागदावर येईल. पुन्हा कंट्रोल-पी दाबलं की ते बंद. मोठ्या बॅच फाइलसाठी मला याहून चांगली पद्धत अजून सापडलेली नाही.

या एडिटरांची एक ताकद पडद्याच्या एडिटरमध्ये नाही. त्यांच्या कमांड साध्या अक्षरांच्या असतात, म्हणून त्या फाइलमध्ये लिहून एडिटरला खाऊ घालता येतात. बदल.टेक्स्टमध्ये पहिल्या ओळीत १, दुसरीत फाइल्स=२०, तिसरीत ई असं लिहा. मग एडलिन कॉन्फिग.सिस, त्यापुढे 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि बदल.टेक्स्ट. एडलिन त्या ओळी कीबोर्डवरून आल्यासारख्या घेतो. एखाद्या वर्गातल्या सगळ्या मशीनवर एकच बदल करायचा असेल तेव्हा मी असंच करायचो. दोन गोष्टी सांभाळा: सगळ्या मशीनवर ती ओळ खरोखर त्याच क्रमांकावर आहे हे आधी बघा, आणि शेवटचा ई विसरू नका. तो नसेल तर एडलिन पुढच्या अक्षराची वाट बघत बसतो आणि मशीन रिसेट करावं लागतं.

आता दुसरा एडिटर टाकावा का. हे तुमच्या मशीनवर आणि कामावर अवलंबून आहे. या दोन फाइलींपुरतंच काम असेल तर टाकू नका, एडलिन पुरतो. रोज बॅच फाइली लिहिणार असाल आणि हार्ड डिस्कवर जागा असेल, तर जरूर टाका. डॉस ५ चा एडिट उचलून ३.३ वर ठेवायला मात्र मी सांगणार नाही. तो एकटा चालत नाही, त्याला क्यूबेसिक हा बेसिक भाषेचा प्रोग्रॅम लागतो आणि ती फाइल मोठी आहे. टर्बो पास्कल (पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहायचं साधन) मिळालं तर त्याचा एडिटर छोटा आणि जलद आहे, बटणंही वर्डस्टारची.

काकांच्या मशीनवर वर्डस्टार असण्याची शक्यता बरीच आहे, कारण आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वर्डस्टार, लोटस आणि डीबेस हीच तिकडी शिकवली जायची. तो वापरायला हरकत नाही, पण सुरुवातीच्या मेन्यूत डीने फाइल उघडू नका, एनने उघडा. डी म्हणजे डॉक्युमेंट. त्या पद्धतीत वर्डस्टार ओळी जुळवण्यासाठी शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवतो, म्हणजे त्या अक्षराच्या संकेतात १२८ मिळवतो. पत्रात ते दिसत नाही. पण ऑटोएक्झेकमध्ये तसं झालं की डॉसला शब्दाचं शेवटचं अक्षर परकं वाटतं आणि तो 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' म्हणतो. टाइप कमांडने फाइल बघितलीत आणि शब्दांच्या शेवटी विचित्र चिन्हं दिसली, तर हाच प्रकार आहे. डॉसवरच्या जीडब्ल्यू-बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार-पाच ओळींत यावर उपाय होतो: एकेक अक्षर वाचायचं, त्याच्या संकेताचं १२७ शी 'अँड' करायचं आणि नव्या फाइलमध्ये लिहायचं. फक्त मशीनमध्ये सी-डॅकचं, भारतीय लिपी दाखवणारं जिस्ट कार्ड असेल आणि फाइलमध्ये मराठी मजकूर असेल, तर हा उपाय त्या फाइलवर अजिबात करू नका. इस्की या भारतीय लिपींच्या संकेतपद्धतीतली देवनागरी अक्षरं १२८ च्या वरच्याच संकेतांवर बसवली आहेत, आठवा बिट काढला की सगळी मराठी नाहीशी होते.

तेव्हा तुमच्या कामाचा क्रम असा: बूट होणारी फ्लॉपी, तिच्यावर दोन्ही फाइलींच्या प्रती, एडलिनमध्ये शिरून १, हॅश, एल, कागदावर बदल ठरवणं, खालून वर ते घालणं, पुन्हा एल, आणि पटलं तर ई, नाहीतर क्यू.

बाहेर आल्यावर टाइप कमांडने फाइल एकदा नजरेखालून घाला आणि मशीन पुन्हा सुरू करा. 'अनरेकग्नाइज्ड कमांड इन कॉन्फिग.सिस' असं आलं तर एखाद्या ओळीचा पहिला शब्द चुकला आहे. ३.३ ओळीचा क्रमांक सांगत नाही, तो तुम्हालाच शोधावा लागेल. 'बॅड ऑर मिसिंग' आणि पुढे फाइलचं नाव आलं तर ड्रायव्हरचा पत्ता चुकला आहे.

ऑटोएक्झेकमधली पाथची ओळही (प्रोग्रॅम कुठल्या डिरेक्टरींत शोधायचे त्याची यादी) मोजून बघा. एडलिन एका ओळीत २५३ अक्षरांपर्यंत लिहू देतो, पण डॉसची कमांडची ओळ १२७ अक्षरांपर्यंतच चालते. दुकानाच्या मशीनवर वर्षानुवर्षं एकेक डिरेक्टरी जोडत गेलेले पाथ मी बरेच बघितले आहेत. अशा वेळी शेवटच्या डिरेक्टरीतला प्रोग्रॅम सापडत नाही आणि दोष भलत्याच फाइलला दिला जातो. तुमच्या दोन्ही फाइलींतल्या ओळी आकड्यांसकट इथे लिहा, डीबेस कुठल्या डिरेक्टरीत आहे तेही लिहा, मग नेमकी कुठली ओळ कशी बदलायची ते सांगतो.